यादी हातात, काउंटी समोर : कॅन्ससच्या चेस काउंटीतल्या ऐतिहासिक वास्तू कशा शोधाव्या, वाचाव्या आणि जपाव्या

अमेरिकेत एखाद्या जुन्या इमारतीचे नाव ‘नॅशनल रजिस्टर ऑफ हिस्टॉरिक प्लेसेस’मध्ये आहे असे कळले, की आपल्याकडून आलेला माणूस तीन गोष्टी गृहीत धरतो. इमारत सरकारच्या ताब्यात आहे, तिला हात लावायला बंदी आहे आणि ती पाहायला खुली आहे. बहुतेक वेळा तिन्ही चूक निघतात. आपल्या डोळ्यांसमोर पुरातत्त्व खात्याचा निळा फलक असतो, भोवतीची शंभर मीटरची बांधकामबंदी असते. नॅशनल रजिस्टरचा कायदा त्या घडणीचा नाही. खेड्यातल्या काउंटीत (आपल्या जिल्ह्यासारख्या विभागात) तर यादीतली निम्मी ठिकाणे कुणाच्या तरी कुरणात, कुणाच्या तरी राहत्या घरात किंवा रोज कामकाज चालणाऱ्या कचेरीत असतात.

हा लेख दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे. कॅन्सस सिटी किंवा विचिटाहून शनिवार-रविवारी गाडी काढून अशी काउंटी पाहायला जाणारे, आणि अशा काउंटीत जुनी इमारत विकत घेण्याचा विचार करणारे. उदाहरणाला मध्य कॅन्ससमधली चेस काउंटी घेतली आहे. फ्लिंट हिल्सचे गवताळ डोंगर, अडीच हजारांच्या आसपास वस्ती, कॉटनवूड फॉल्स हे मुख्यालय आणि जिकडेतिकडे चुनखडीचा दगड. पद्धत मात्र कुठल्याही काउंटीला लागू पडते.

आधी हे समजून घ्या : तीन वेगळे थर

१९६६च्या नॅशनल हिस्टॉरिक प्रिझर्व्हेशन ॲक्टमधून रजिस्टर आले. महामार्ग आणि शहरसुधारणेच्या नावाखाली केंद्राच्याच पैशातून जुने भाग सपाट होत होते, त्याला लगाम घालणे हा हेतू. म्हणून कायदा मुख्यतः सरकारला बांधतो, मालकाला नाही. केंद्राचा पैसा, परवाना किंवा मंजुरी असलेल्या कामाची झळ यादीतल्या (किंवा यादीला पात्र असलेल्या) जागेला बसणार असेल, तर ते काम सुरू होण्याआधी परिणाम तपासावा लागतो. यालाच ‘सेक्शन १०६’ म्हणतात. पूल बदलणे, मोबाइल टॉवर उभारणे, महामार्ग रुंद करणे अशी कामे यात येतात. सेक्शन १०६ काम थांबवतोच असे नाही. विचार करायला, पर्याय शोधायला आणि नोंद ठेवायला भाग पाडतो.

खासगी मालकाने स्वतःच्या पैशाने रजिस्टरवरचे घर पाडायचे ठरवले, तर केंद्राचा कायदा त्याला अडवत नाही. पुष्कळांचा यावर विश्वास बसत नाही, पण तसेच आहे.

दुसरा थर राज्याचा. कॅन्ससचे स्वतःचे राज्य रजिस्टर आहे आणि राज्याचा संवर्धन कायदाही. नोंद असलेल्या वास्तूवरच्या ज्या कामाला नगरपालिकेची किंवा काउंटीची परवानगी लागते, ते टोपिका या राजधानीतल्या राज्य संवर्धन कार्यालयाकडे पडताळणीला जाऊ शकते. म्हणून कॅन्ससमध्ये ‘यादीचा काहीच जाच नाही’ असे सरसकट म्हणू नये.

तिसरा थर स्थानिक नियमांचा, आणि खरे दात असतात ते यालाच. मोठ्या शहरांत लँडमार्क कमिशन असते. त्यांच्या दाखल्याशिवाय खिडकीसुद्धा बदलता येत नाही. खेड्यातल्या बहुतेक काउंट्यांत हा थरच नसतो. कॅन्सस सिटीतला अनुभव घेऊन खेड्यात आलेला माणूस इथे गोंधळतो, आणि उलट दिशेने जाणारा तर दंड भरतो.

यादी काढणे आणि तिचे रकाने वाचणे

नॅशनल पार्क सर्व्हिसच्या संकेतस्थळावर देशभराची तक्त्याच्या स्वरूपातली यादी उतरवून घेता येते. ती राज्य आणि काउंटीनुसार गाळा. मूळ नामांकनांचे, म्हणजे नोंदीसाठी केलेल्या अर्जांचे, स्कॅन त्यांच्याच एनपी गॅलरीत किंवा नॅशनल आर्काइव्ह्जच्या कॅटलॉगमध्ये मिळतात. कॅन्ससपुरते केएचआरआय नावाचे राज्याचे भांडार जास्त उपयोगाचे. रजिस्टरवर नसलेल्या, नुसत्या पाहणीत नोंदवलेल्या इमारतीही त्यात आहेत आणि फोटो अनेकदा नवे असतात.

प्रत्येक नोंदीला संदर्भ क्रमांक असतो. जुन्या आठ आकडी क्रमांकातले पहिले दोन आकडे वर्षाचे : ७१ने सुरू होणारा १९७१चा, ७४ने सुरू होणारा १९७४चा. अलीकडचे क्रमांक नऊ आकडी आहेत, त्यांना हा नियम लागत नाही. वर्षाकडे लक्ष द्या, कारण नामांकनाचा दर्जा त्यावरून कळतो. १९७०च्या दशकातली नामांकने दोन-तीन पानांची, घाईत लिहिलेली, हद्दीबद्दल मोघम. १९९० नंतरची वीस-तीस पानांची, नकाशासकट. जुन्या नामांकनात कोठाराचा उल्लेख नाही म्हणून कोठार महत्त्वाचे नाही असा निष्कर्ष काढू नका. लिहिणाऱ्याचे लक्ष फक्त बंगल्याकडे होते, एवढाच त्याचा अर्थ असतो.

‘ॲड्रेस रिस्ट्रिक्टेड’ असे लिहिलेले दिसले तर ती बहुधा पुरातत्त्वीय जागा असते : जुनी वस्ती, दफनाची जागा, दगडी हत्यारांची खाण. खोदून लुटालूट होऊ नये म्हणून ठिकाण कायद्यानेच गुप्त ठेवले जाते. ती शोधत फिरू नका, गावात विचारूही नका. केंद्राच्या जमिनीवरून दगडी बाणाचे टोक उचलून खिशात घालणेही गुन्हा ठरू शकतो.

यादीत नाव आहे म्हणजे इमारत उभी आहे, असेही धरून चालू नका. जळालेली, पुरात गेलेली, पाडलेली इमारत औपचारिकपणे वगळली जाईपर्यंत यादीत राहते, आणि वगळण्यासाठी कुणीतरी अर्ज करावा लागतो. निघण्यापूर्वी उपग्रह नकाशावर छप्पर दिसते का ते पाहून घ्या.

नामांकन वाचताना

पानांच्या गर्दीत दोनच भाग मुद्द्याचे आहेत. भाग ७ वर्णनाचा, भाग ८ महत्त्वाचा. भाग ८मध्ये चार निकषांपैकी खूण केलेली असते : ए म्हणजे इतिहासातल्या घडामोडींशी संबंध, बी म्हणजे महत्त्वाच्या व्यक्तीशी संबंध, सी म्हणजे वास्तुशैली, बांधकाम किंवा अभियांत्रिकी आणि डी म्हणजे पुढे माहिती मिळण्याची शक्यता. ही खूण न पाहता वास्तू पाहायला गेलात तर चुकीच्या जागी बघत राहाल. सी निकषावर नोंदलेल्या पुलाची कमान पाहायची. ए निकषावर नोंदलेल्या शाळेत भिंतीपेक्षा ती कुठे आणि का उभी आहे ते पाहायचे.

पुढचा शब्द ‘पीरियड ऑफ सिग्निफिकन्स’, म्हणजे ज्या वर्षांमुळे वास्तू महत्त्वाची ठरली तो काळ. समजा तो १८८१ ते १८८८ आहे. मग १९२०मध्ये जोडलेला व्हरांडा कितीही देखणा असला, तरी त्या नोंदीच्या हिशेबात तो ‘नॉन-कॉन्ट्रिब्यूटिंग’. रँचसारख्या (गुरे पाळण्याच्या मोठ्या शेतासारख्या) जागेत ही मोजणी किचकट होते, कारण घर, कोठार, सायलो, पवनचक्की, कोंबड्यांचे खुराडे, दगडी कुंपण यांची गणना वेगवेगळी होते. घर आणि कोठार ‘बिल्डिंग’, पवनचक्की आणि पूल ‘स्ट्रक्चर’, शिलालेखाचा खांब ‘ऑब्जेक्ट’. हे वर्गीकरण चेष्टेवारी नेऊ नका. पुढे करसवलत मागताना ‘कॉन्ट्रिब्यूटिंग’ हा एक शब्द हजारो डॉलरांचा असतो.

जागा पन्नास वर्षांपेक्षा जुनी असावी, हा नियम सगळ्यांना ठाऊक असतो. पण नुसते वय पुरत नाही, ‘इंटेग्रिटी’ लागते. जागा, रचना, परिसर, साहित्य, कारागिरी, भाव आणि संबंध या सात अंगांनी ती तपासतात. खेड्यात सगळ्यात जास्त नामांकने साहित्यावर अडतात. चांगले दगडी घर, आणि त्याला प्लॅस्टिकच्या खिडक्या व पत्र्याचे साइडिंग.

नकाशावर जागा सापडत नाही, तेव्हा

हा भाग कंटाळवाणा आहे. तरी वाचा, कारण जास्तीत जास्त लोक इथेच रस्ता चुकतात.

जुन्या नामांकनात यूटीएम (नकाशावरची जागा मीटरमध्ये सांगणारी पद्धत) निर्देशांक असतात आणि ते १९२७च्या मापनपद्धतीवर काढलेले असतात. तुमचा फोन वेगळ्या पद्धतीवर चालतो. आकडे जसेच्या तसे टाकले तर ठिकाण उत्तर-दक्षिण दिशेत सुमारे २०० मीटर सरकते. शहरात दोनशे मीटरने फार बिघडत नाही, पण कुरणात तुम्ही ओढ्याच्या भलत्याच काठावर उभे असता. आकडे बदलून देणारे कुठलेही साधन वापरताना मूळ पद्धत ‘एनएडी २७’ निवडा. चेस काउंटी यूटीएमच्या झोन १४मध्ये येते.

पत्ताच नसेल तर जमिनीचे वर्णन असेल. सातबाऱ्यावरच्या गट नंबरासारखेच ते काम करते. समजा लिहिले आहे : ‘एनई १/४, एसडब्ल्यू १/४, सेक्शन १४, टी १९ एस, आर ८ ई’. हे शेवटाकडून वाचायचे. आर ८ ई म्हणजे विचिटाजवळून उत्तर-दक्षिण जाणाऱ्या सहाव्या मुख्य रेखावृत्तापासून पूर्वेला आठवा पट्टा. टी १९ एस म्हणजे नेब्रास्काच्या हद्दीपासून दक्षिणेला एकोणिसावा. प्रत्येक पट्टा सहा मैलांचा. त्या सहा बाय सहा मैलांच्या चौकोनात एकेक चौरस मैलाचे ३६ सेक्शन बसतात. क्रमांक ईशान्य कोपऱ्यातून सुरू होतो, पश्चिमेकडे सहापर्यंत जातो, मग खाली उतरून पूर्वेकडे वळतो. असा नागमोडी जात ३६ आग्नेय कोपऱ्यात येतो. एक सेक्शन ६४० एकरांचा, त्याचा नैऋत्य चतुर्थांश १६० एकरांचा आणि त्या चतुर्थांशाचा ईशान्य चतुर्थांश ४० एकरांचा. तुमची जागा त्या चाळीस एकरांत. ग्रामीण कॅन्ससचे रस्ते बरेचदा सेक्शनच्या हद्दीवरूनच जातात, म्हणून हे जमले की गाडीच्या मैलमापकावर जागा गाठता येते. मात्र फ्लिंट हिल्समध्ये चढउतारामुळे कित्येक हद्दीवर रस्ताच नाही, हे लक्षात ठेवा.

एका दिवसाची फेरी

कॅन्सस सिटीहून आय-३५ने एम्पोरिया, तिथून यूएस-५०ने पश्चिमेला वीसेक मैलांवर स्ट्राँग सिटी. एकूण दोन तास धरा. विचिटाहून येणाऱ्यांनी टर्नपाइक या टोल महामार्गावर कॅसोडेला उतरून के-१७७ने उत्तरेला यावे. रस्ता लांबचा नाही, आणि फ्लिंट हिल्स पाहायला याहून चांगला रस्ता नाही. पेट्रोल एम्पोरियात किंवा निघतानाच भरा.

शक्य असेल तर आठवड्यातला कामाचा दिवस निवडा. कॉटनवूड फॉल्सचे कोर्टहाऊस आजही न्यायालय आणि कचेरी म्हणून चालते. शनिवार-रविवारी आतून पाहता येईलच याची खात्री नाही. फोन करून विचारा.

सकाळ टॉलग्रास प्रेअरी नॅशनल प्रिझर्व्हला द्या. स्ट्राँग सिटीच्या उत्तरेला के-१७७वर दोन मैलांवर आहे, प्रवेश फुकट. ११ हजार एकरांच्या जवळ जाणारे हे संरक्षित माळरान १९९६मध्ये स्थापन झाले; त्यातली बहुतेक जमीन द नेचर कन्झर्व्हन्सी या संस्थेच्या मालकीची आहे आणि कारभार पार्क सर्व्हिस त्यांच्यासोबत पाहते. इथला स्प्रिंग हिल रँच स्टीफन जोन्स या पशुपालकाने १८८१च्या सुमारास बांधला. रजिस्टरवर नोंद १९७१ची, आणि १९९७मध्ये त्याला नॅशनल हिस्टॉरिक लँडमार्क हा वरचा दर्जा मिळाला. लोक बंगल्याचे मॅन्सार्ड (खालचा भाग जवळजवळ उभा असलेले) छप्पर पाहून परत फिरतात. तसे करू नका. तीन मजली दगडी कोठार पाहा. उतारावर असल्यामुळे वरच्या मजल्यावर थेट गाडी नेता येईल असे दगडी उतरंडीचे रस्ते केलेले आहेत. वैरण वरून आत, जनावरे खाली. चारा वर उचलण्याचे कष्ट टेकडीकडून करून घेतले, असा हा सगळा हिशेब आहे.

कोठाराच्या भिंतीजवळ जाऊन दगड पाहा. या भागातला प्रसिद्ध दगड कॉटनवूड चुनखडी, त्याचा थर जेमतेम पाच-सहा फुटांचा, पण एकसंध. फिकट पिवळसर पृष्ठभागावर गव्हाच्या दाण्यांसारखे बारीक उभट ठिपके गच्च भरलेले दिसतात. ते दाणे म्हणजे फ्युझुलिनिड या समुद्री जीवांचे जीवाश्म. एकदा ओळखले की काउंटीभर ते दिसत राहतात. टोपिकाच्या राज्य कॅपिटॉलमध्येही (विधिमंडळाच्या इमारतीतही) हाच दगड वापरला आहे.

रँचपासून थोड्या अंतरावर टेकडीवर लोअर फॉक्स क्रीक स्कूल आहे, १८८२ची एकखोली शाळा. वर्ग १८८४ ते १९३० भरत. पायवाटेने चालत जाता येते. पायवाटा कायम खुल्या असतात, इमारतींच्या वेळा ऋतूप्रमाणे बदलतात. बायसनच्या (अमेरिकी गव्याच्या) कळपाच्या कुरणातून जाणाऱ्या वाटेवर किमान शंभर यार्ड अंतर ठेवा; तो शांत दिसतो म्हणजे शांत असतोच असे नाही. ड्रोन चालत नाही.

मग दक्षिणेला. स्ट्राँग सिटीत सांता फे रेल्वेचे जुने स्टेशन थांबून पाहण्यासारखे आहे. तिथून दोन मैलांवर कॉटनवूड फॉल्स. गावात शिरताना नदीवरचा १९१४चा काँक्रीटच्या कमानींचा पूल लागतो. आता तो फक्त पायी चालणाऱ्यांसाठी आहे, म्हणून गाडी बाजूला लावून पुलावरून चालत या. पुलावरून विटांनी बांधलेला ब्रॉडवे हा रस्ता सरळ दक्षिणेला कोर्टहाऊसवर जाऊन टेकतो. १८७३मध्ये पूर्ण झालेली ही इमारत जॉन हॅस्केल यांची. राज्याच्या कॅपिटॉलचे पहिले वास्तुविशारद तेच. सेकंड एम्पायर शैली, स्थानिक चुनखडी, वर घड्याळाचा मनोरा. आत अक्रोडाच्या लाकडाचा नागमोडी जिना आहे, तो चुकवू नका. आणि इथे आलाच आहात तर रजिस्टर ऑफ डीड्सची (जमिनीचे दस्त नोंदवणारी) कचेरीही पाहून ठेवा. का, ते पुढे.

दुपारी यूएस-५०ने पश्चिमेला, एल्मडेल ओलांडून क्लेमेंट्स. गावाच्या दक्षिणेला कॉटनवूड नदीवर १८८०च्या दशकातला दोन कमानींचा दगडी पूल आहे, वाहनांना बंद. कमानीच्या पोटातले पाचरीसारखे चिरे आणि त्यांच्या सांध्यांची जाडी पाहा. चांगल्या घडीव कामात सांधा अंगठ्यापेक्षा बारीक असतो. वेळ उरला तर के-१७७ने दक्षिणेला मॅटफील्ड ग्रीनजवळ पायनियर ब्लफ्स. रॉग्लर कुटुंबाचा हा रँच आख्खा जिल्हा म्हणून, म्हणजे इमारतींचा समूह म्हणून रजिस्टरवर आहे. वर सांगितलेला ‘कॉन्ट्रिब्यूटिंग’चा हिशेब समजून घ्यायला ही उत्तम जागा.

काय बिघडते

रस्त्यावर ‘मिनिमम मेंटेनन्स’ची पाटी दिसली की थांबा. त्या रस्त्याची डागडुजी काउंटी जेमतेम करते. कोरड्यात तो ठीक. पाऊस पडून गेला असेल तर सेडान गाडी चिखलात रुतते आणि फोनला रेंज नसते. ओढ्यावरच्या बुटक्या पुलावरून पाणी वाहत असेल तर परत फिरा, खोली अजमावत बसू नका.

मार्च-एप्रिलमध्ये पशुपालक माळ जाळतात. ही दरसालची पद्धत आहे, वणवा नव्हे. धुराने समोरचे दिसेनासे होते, दम्याच्या माणसाला त्रास होतो. फोटोसाठी मे-जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर बरे.

सगळ्यात मोठी चूक कुंपण ओलांडण्याची. रजिस्टरवरची नोंद आत जायचा परवाना देत नाही. रस्त्यावरून फोटो काढा, आत जायचे तर मालकाची परवानगी घ्या. खांबांवर जांभळ्या रंगाचे पट्टे असतील तर लेखी परवानगीशिवाय शिकार-मासेमारीला बंदी आहे; पाहुण्याने त्याचा अर्थ ‘आत येऊ नका’ असाच घ्यावा. बझारजवळ १९३१च्या विमान अपघातात नूट रॉक्नी हे नॉत्र दाम विद्यापीठाचे फुटबॉल प्रशिक्षक गेले. तिथला स्मृतिस्तंभ खासगी कुरणात आहे, तरी दरवर्षी कुणी ना कुणी नकाशा बघून सरळ चालत सुटते. फाटक उघडे असेल तर उघडे ठेवा, बंद असेल तर बंद करा. दगडी कुंपणावर चढून फोटो काढू नका. १८६७च्या कायद्याने साडेसोळा फुटांच्या एका रॉडमागे चाळीस सेंट देऊन सरकारने ती बांधवून घेतली, बहुतेक बिनचुन्याची. वरचा एक दगड सरकला की पुढच्या हिवाळ्यात चार हात भिंत बसते.

आणि पाटी नाही म्हणून नोंद नाही, असे समजू नका. पार्क सर्व्हिस पाट्या देत नाही. मालकाला हवी असेल तर तो स्वखर्चाने करून लावतो.

विकत घ्यायची असेल तर

सौदा करण्यापूर्वी कोर्टहाऊसमधल्या रजिस्टर ऑफ डीड्सकडे जाऊन खरेदीखतावर ‘प्रिझर्व्हेशन ईझमेंट’ (इमारत जपण्याचे कायदेशीर बंधन) किंवा अनुदानाच्या अटी चढलेल्या आहेत का ते पाहा. रजिस्टरवरची नोंद मालकाला बांधत नाही, ईझमेंट बांधते, आणि ते जमिनीबरोबर नव्या मालकाकडे येते. दलालाला याची कल्पना असेलच असे नाही.

मग पैसे. केंद्राची २० टक्के करसवलत फक्त उत्पन्न देणाऱ्या इमारतीला : दुकान, कचेरी, भाड्याचे घर, लॉज. स्वतःच्या राहत्या घराला नाही. कॅन्ससची राज्य सवलत राहत्या घरालाही मिळते; किमान खर्च ५,००० डॉलरच्या वर हवा. दर वेळोवेळी बदललेला आहे, म्हणून चालू दर राज्य कार्यालयातूनच घ्या.

केंद्राची अट अशी की २४ महिन्यांत होणारा खर्च इमारतीच्या ‘ॲडजस्टेड बेसिस’पेक्षा (खरेदी किमतीतून जमीन आणि घसारा वजा जाता उरणाऱ्या रकमेपेक्षा) किंवा ५,००० डॉलरपेक्षा, यांतल्या मोठ्या आकड्यापेक्षा जास्त असावा. समजा ब्रॉडवेवरचे दुकान १,२०,००० डॉलरला घेतले, त्यात जमिनीचे २०,००० आणि घसारा १०,००० गेला. बेसिस राहिला ९०,०००. दुरुस्तीला ८५,००० लावलेत तर सवलत शून्य. एक लाख लावलेत तर २०,००० डॉलर, आणि तेही एकरकमी नाही, पाच वर्षांत वर्षाला ४,००० प्रमाणे. नवा वाढीव भाग, पार्किंग, बागकाम आणि सामान हे खर्चात धरत नाहीत. पाच वर्षांच्या आत इमारत विकलीत तर सवलतीचा काही भाग परत जातो. कर भरून देणाऱ्या सीपीएने (आपल्याकडच्या सीएसारखा हिशेबतज्ज्ञ) अशी प्रकरणे पूर्वी केलेली असावीत, हा आग्रह धरा.

अर्ज तीन भागांत असतो. भाग १ इमारत ऐतिहासिक असल्याचा, भाग २ काय करणार त्याचा, भाग ३ काम झाल्याचा. भाग २ मंजूर होण्याआधी हातोडा उचलू नका. जुन्या लाकडी खिडक्या फेकून प्लॅस्टिकच्या बसवणे आणि आतला गिलावा खरवडून ‘छान दगड दिसतोय’ म्हणून उघडा ठेवणे, या दोन कारणांनी प्रकरणे नाकारली जातात. आतून दगड उघडा ठेवणे ही आजची आवड आहे, १८८०ची नव्हे. परीक्षक आतली खोलीही पाहतो.

दगडी भिंतीचे सांधे भरताना

इमारतीला सगळ्यात जास्त इजा होते ती इथेच, आणि चांगल्या हेतूने. जुन्या चुनखडीच्या भिंतीत सांधे चुन्याचे असतात. चुना मऊ, पाणी सोडणारा. भिंतीतला ओलावा सांध्यातून बाहेर पडतो. त्या जागी पोर्टलंड सिमेंट भरले की ओलावा दगडातून वाट काढतो. कॅन्ससच्या हिवाळ्यात तो गोठून फुगतो आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. चार-पाच वर्षांनी सांधा ताठ उभा आणि दगड आत गेलेला, असे चित्र दिसते. पुण्या-साताऱ्याच्या वाड्यांना सिमेंटचा गिलावा करून जे झाले, त्याची ही गोठणाऱ्या हवेतली बहीण. नियम एकच : सांध्यात भरायचा मसाला दगडापेक्षा मऊ हवा.

क्रम असा :

१. जुन्या मसाल्याचा नमुना खलबत्त्यात हलका कुटून वाळूचा रंग आणि दाणा पाहा. नवी वाळू त्याच्याशी जुळवा. रंग सिमेंटने नाही, वाळूने जुळतो.

२. सुटलेला मसाला सांध्याच्या रुंदीच्या दोन ते अडीच पट खोल काढा. अर्धा इंच सांधा असेल तर एक ते सव्वा इंच. छिन्नी-हातोड्यानेच काढा. ग्राइंडरची चकती उभ्या सांध्यात फिरवली की वरच्या-खालच्या दगडावर चीर पडते आणि ती कायमची.

३. सांधा साफ करून ओला करा. पाणी साचलेले नको, दगड तहानलेला नको.

४. मसाला एक भाग चुना, तीन भाग वाळू. हवामानाला थोडा दणकटपणा हवा असेल तर ‘टाइप ओ’ : एक सिमेंट, दोन चुना, नऊ वाळू. तयार पोत्यातला ‘टाइप एस’ अशा मऊ दगडाला कडक पडतो. दुकानदार तोच पुढे करील.

५. पाव-पाव इंचाचे थर द्या. अंगठा दाबला असता ठसा उठेल पण मसाला चिकटणार नाही, इतका पहिला थर घट्ट झाला की पुढचा. एकदम खोल भरलेला सांधा आकसून फाटतो.

६. तापमान ४० अंश फॅरनहाइटच्या खाली जाणार असेल तर काम काढू नका. भरल्यावर काही दिवस ओले गोणपाट लावून ठेवा. कॅन्ससचा वारा उन्हापेक्षा लवकर चुना वाळवतो.

सँडब्लास्टिंग कधीच नाही. दगडाचे वरचे टणक कवच त्याने उडते, आणि केंद्राच्या मानकांतही ते बसत नाही. साफसफाईला नरम ब्रश आणि कमी दाबाचे पाणी पुरते. डाग पूर्ण गेला नाही तरी चालेल.

नवी नोंद करायची असेल तर

राज्य कार्यालयाचा प्राथमिक प्रश्नावलीचा अर्ज आधी भरा. इमारतीचे सगळ्या बाजूंचे फोटो जोडा. ते ‘पात्र दिसते’ म्हणाले तरच पूर्ण नामांकनावर मेहनत करा. नाहीतर सहा महिने फुकट जातात. मसुद्यात सगळ्यात आधी हद्द ठरवा, कारण दुरुस्त्या तिथूनच निघतात. हद्द कुंपणाने, रस्त्याने किंवा सेक्शनच्या रेषेने सांगा; ‘आजूबाजूचा परिसर’ असे लिहिलेले परत येते. राज्याचे समीक्षा मंडळ ते पाहते आणि मग ते वॉशिंग्टनला जाते, तिथे ४५ दिवसांत निर्णय होतो. खासगी मालकाने नोटरीसमोर लेखी हरकत घेतली तर वास्तू रजिस्टरवर चढत नाही, ‘पात्र’ एवढाच शेरा राहतो. पण सेक्शन १०६साठी तोही पुरतो. समूहाची नोंद असेल तर बहुसंख्य मालकांची हरकत लागते. म्हणून खेड्यात आधी शेजाऱ्याकडे चहाला जा, फॉर्म नंतर भरा. ‘सरकार घर बळकावणार’ ही अफवा गावात तुमच्या अर्जाच्या आधी पोहोचलेली असते, आणि तिला उत्तर कागदाने नाही, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसूनच देता येते.